बोरोहायड्राइडमध्ये हायड्रोजन साठवणं: टक्के भरपूर, पण उष्णतेचं काय?

उष्मागणित (धागाकर्ता)
बोरोहायड्राइड म्हणजे धातू, बोरॉन आणि हायड्रोजन यांची घन संयुगं; तापवली की ती हायड्रोजन सोडतात. त्यातल्या लिथियम बोरोहायड्राइडच्या वजनात १८.५ टक्के हायड्रोजन असतो. या आकड्यावर भाळून गाडीच्या टाकीची स्वप्नं रंगवणं आता थांबवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. विघटनानंतर उरणारं लिथियम हायड्राइड आपला हायड्रोजन सहजी सोडत नाही. म्हणून हाती येतात १३.८ टक्के, तेही ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे. आणि तो परत बसवायला ६०० अंश आणि ३५० बार दाब लागल्याची नोंद आहे.

खरी मेख मात्र उष्णतेत आहे. ५ किलो हायड्रोजन म्हणजे सुमारे २,४८० मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक). मॅग्नेशियम बोरोहायड्राइडमधून हायड्रोजन सोडवायला मोलमागे लागणारे ४० किलोज्यूल धरा, म्हणजे लिथियमपेक्षा बरेच कमी. तरी ९९ मेगाज्यूल होतात. टाकी भरताना ही सगळी उष्णता बाहेर पडते. ५ मिनिटांत भरायची तर ती ३३० किलोवॅटने काढावी लागेल, आणि तीही उष्णता धड वाहून न नेणाऱ्या भुकटीतून. शिवाय गाडीतला फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज बनवणारा संच) ८० अंशांवर चालतो. त्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर ही भुकटी तापणार कशी?

बोरॉनप्रेमी
गाडीपुरतं मान्य. पण एकट्या लिथियम बोरोहायड्राइडवरून सगळ्यांनाच निकालात काढू नका. दोन मोल लिथियम बोरोहायड्राइड आणि एक मोल मॅग्नेशियम हायड्राइड हे मिश्रण २००५ पासून माहीत आहे. क्षमता ११.५ टक्के. यात बोरॉन सुटा न राहता मॅग्नेशियम डायबोराइडमध्ये बांधला जातो, त्यामुळे मोलमागे सुमारे २५ किलोज्यूल वाचतात. परत भरायला ३५० अंश आणि ५० बार पुरतात.

मात्र हायड्रोजन काढताना पात्रात ३ ते ५ बार हायड्रोजन राखायलाच हवा. निर्वात पंप लावलात की लिथियम बोरोहायड्राइड मॅग्नेशियमची वाट न बघता एकटंच फुटतं. मग सुटा बोरॉन आणि लिथियमचं डोडेकाबोरेट (बारा बोरॉन अणूंच्या पिंजऱ्याचं टिकाऊ संयुग) तयार होतं, आणि ते पुढच्या भरण्या-काढण्याच्या फेरीत जागचं हलत नाही. क्षमता पडली की आधी हा दाब तपासा, मग मिश्रणाला दोष द्या.

मिलिंगवाली
दाब राखूनही त्रास संपत नाही. वेग वाढवायला टायटॅनियम ट्रायक्लोराइड घालतात, पण त्याचा एक मोल तीन मोल बोरोहायड्राइड खातो आणि मागे लिथियम क्लोराइडचं निरुपयोगी वजन ठेवतो. शंभर मोलमागे ५ मोल घातलेत तर १५ मोल गेलेच. वर थोडं डायबोरेनही (बोरॉन-हायड्रोजनचा वायू) सुटतं.

हे डायबोरेन आकडे फुगवतं. नमुना तापवून फक्त वजनातली घट मोजली, तर डायबोरेनचा एक मोल हायड्रोजनच्या जवळजवळ १४ मोलांएवढा भरतो! जोडीला मास स्पेक्ट्रोमीटर (वायू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) लावून डायबोरेनचं २६ वस्तुमानाचं शिखर बघितल्याशिवाय कुठलाही टक्का मी मानत नाही. आणखी एक: लिथियम बोरोहायड्राइड २८० अंशांच्या आसपास वितळतं आणि वायू सोडताना फेसाळत वर चढतं. पात्र काठोकाठ भरलंत तर वरचा फिल्टर चोंदलाच समजा. निम्म्याहून जास्त जागा रिकामी ठेवा.

बोरॉनप्रेमी
२६ च्या शिखराचा मुद्दा पूर्ण मान्य. पण टाकी एका जागी बसवा, शेजारी ७०० अंशांवरचा सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल ठेवा. ८० अंशांची अडचण तिथेच मिटते. धागाकर्त्यांचेच ९९ मेगाज्यूल ५ मिनिटांऐवजी ८ तासांत काढले, तर साडेतीन किलोवॅटसुद्धा होत नाहीत. एवढ्याला तेल फिरवणारं साधं नळीचं वेटोळं पुरतं.

उष्मागणित
एका जागी वजनाची कुणाला पडली आहे? मग टायटॅनियम-लोह मिश्रधातू घ्या. क्षमता दोन टक्क्यांच्या आत, पण साध्या तापमानाला चालतो, मोलमागे जेमतेम २८ किलोज्यूल मागतो आणि त्यात वितळणं-फेसाळणं नाही. जिथे वजन महत्त्वाचं तिथे उष्णता नाही, आणि जिथे उष्णता आहे तिथे वजनाला महत्त्व नाही. हाच माझा आक्षेप आहे.

बोरॉनप्रेमी
जहाजावर दोन्ही असतं: वजनाची बंधनं, आणि गरम फ्युएल सेलला जागा. तिथे तुलना मॅग्नेशियम हायड्राइडशी करा. त्यात ७.६ टक्के आणि मोलमागे ७५ किलोज्यूल, म्हणजे हायड्रोजन जळून मोलमागे मिळणाऱ्या २४२ किलोज्यूलपैकी ३१ टक्के उष्णता तो सोडवण्यातच जाते. आमच्या मिश्रणात हा वाटा १९ टक्के पडतो.

मिलिंगवाली
१९ टक्के कागदावर. माझ्या मते आधी किलोभर भुकटीवर, पात्राचं वजन धरून, शंभर फेऱ्या दाखवाव्यात. ग्रॅमभर नमुन्यात उष्णता आपोआप निघून जाते. किलोभर भुकटीत आतला गाभा तापलेलाच राहतो आणि हायड्रोजन घ्यायचं थांबवतो.