मदत हवी: कोनदार फॉन्ट चादरीवर विणला की 'भीमा'चा 'मीमा' होतोय

नवीपेठकर: फॉन्ट मीच काढलाय, सगळा कोनदार, गोलाई औषधालाही नाही. स्क्रीनवर झकास दिसतो. जकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) 'भीमा' विणून आणलं तर अक्षरं उभी ताणलेली, तिरप्या रेघांना दात आलेले आणि 'भ'चा सरळ 'म'. मागवाले म्हणतात फाइल चुकली. सोलापूरच्या गड्डा यात्रेआधी माल हवाय. काय बदलू?

अक्षरमात्रा: इंचाला ताणे (उभे धागे) किती, पिक (आडवे धागे) किती, फाइल किती पिक्सेलची?

फ्लेक्स_सातरस्ता: कोनदार अक्षराला जाड आउटलाइन दिली की टोकं काट्यासारखी बाहेर येतात. कोपरे राउंड किंवा बेव्हल (टोक छाटलेले) करा.

नवीपेठकर: अहो फ्लेक्स नाही, चादर! एका अक्षराची फाइल १२० बाय १२०. बाकीचं मागवाल्यांना माहीत.

जकार्डवाला: त्यांना विचारा, नाहीतर कापडावर पट्टी ठेवून मोजा. दुहेरी, म्हणजे दोन थरांचं कापड आहे, तेव्हा वरच्या थराचेच ताणे मोजायचे.

नवीपेठकर: ताणे ४०, पिक ३०.

अक्षरमात्रा: मग झालं! एक पिक्सेल म्हणजे एक ताणा आणि एक पिक, म्हणून कापडावरचा पिक्सेल चौरस नसतो. १२० ताणे म्हणजे ३ इंच रुंदी, १२० पिक म्हणजे ४ इंच उंची. फाइल १२० बाय ९० करा. रंग दोनच ठेवा, कडेला राखाडी पिक्सेल नकोत.

जकार्डवाला: उंची बसेल, दात तसेच राहतील. ४५ अंशांची रेघ अशी दाबली की ४ ताण्यांना ३ पिक पडतात. पायऱ्या १-१-२ अशा विषम, म्हणून खडबडीत. तिरप्या रेघा ग्राफवर (विणीच्या चौकटींच्या आराखड्यावर) नव्याने काढा: एका ताण्याला एक पिक (कापडावर ५३ अंश) किंवा दोन ताण्यांना एक (३४ अंश). तिसरा कोन नको.

अक्षरमात्रा: ५३ अंशांत अक्षर उभट होणार. फॉन्टचा तोलच गेला की!

जकार्डवाला: गिऱ्हाईक कोनमापक घेऊन चादर बघत नाही.

युनिकोडभक्त: एवढा खटाटोप कशाला? तेको घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे, फुकट, पाच वजनांत (जाडींत).

जकार्डवाला: तेको घेतला तरी ग्राफ काढणं टळत नाही. शिवाय त्यांनी फॉन्ट सुचवा म्हटलंय कुठे?

अक्षरमात्रा: 'भ'चं राहिलंच. शिरोरेघेतली फट किती ताण्यांची आहे?

नवीपेठकर: दोन.

अक्षरमात्रा: तिथेच घात झाला. सूत फुललं की दोन ताण्यांची फट बुजते. निदान चार ठेवा, म्हणजे दशांश इंच. गाठीतला त्रिकोणही तेवढाच मोकळा हवा, नाहीतर गाठ सरळ भरीव करा. 'ध' आणि 'घ' असतील तर तेही तपासा, तिथेही सगळा खेळ फटीचाच.

नवीपेठकर: आणि मागच्या बाजूला अक्षरं उलटी दिसतात, तेही फाइलमुळेच?

जकार्डवाला: नाही हो. दुहेरी कापडात मागे रंग बदलतात आणि अक्षर आरशातल्यासारखं दिसतं, ते तसंच असतं. पुढूनच उलटं आलं तर मात्र फाइल डावी-उजवी उलटवा. आधी एकच नग काढा, बाकीचे मग.

फ्लेक्स_सातरस्ता: स्टॉलच्या बोर्डाला तरी आउटलाइन लागेलच ना?