प्रतिसाद: कार्डिओव्हर्जन आणि सिस्टरचं काम

वर कळव्याच्या ताईंनी विचारलंय, बाबांना एएफसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडतात तो आजार) शॉक म्हणजे कार्डिओव्हर्जन देणार आहेत, त्यात सिस्टर काय करतात? त्यावर एकांनी लिहिलंय, 'सिंकचं बटण दाबलं की झालं.' नाही हो, सिंक म्हणजे शॉक हृदयाच्या ठोक्याशी जुळवून देणं, आणि खरं काम तिथून सुरू होतं. मी ठाण्यात आयसीयूत नर्स आहे.

सिंक लावल्यावर स्क्रीनवर ईसीजीतल्या प्रत्येक आर-वेव्हवर (ठोक्याचं उंच टोक) खूण दिसायलाच हवी. ती टी-वेव्हवर (त्यानंतरची छोटी लाट) पडत असेल तर लीड, म्हणजे ईसीजी ज्या बाजूने बघतो ती, बदलायची, कारण टी-वेव्हवर शॉक बसला तर व्हीएफ होऊ शकतं, म्हणजे हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही. शॉकचं बटण दाबून धरायचं. मशीन आर-वेव्हची वाट बघतं, म्हणून शॉक क्षणभर उशिरा सुटतो. दुसरा शॉक लागला तर सिंक पुन्हा तपासायचं, कारण बरीच मशीन्स पहिल्या शॉकनंतर आपोआप सिंकमधून बाहेर येतात. हे मी नव्या मुलींना दर वेळी मोठ्याने बोलायला लावते. शॉकआधी ऑक्सिजन बाजूला, बेडला कुणाचा हात नाही.

ताई, एएफ 48 तासांहून जुनं असेल तर सहसा आधी 3 आठवडे आणि नंतर किमान 4 आठवडे रक्त पातळ करणारी गोळी देतात, कारण एएफमध्ये हृदयात गुठळी होऊ शकते. गणपतीच्या धावपळीत एखादा डोस राहिला असेल तरी डॉक्टरांना जरूर सांगा. त्या दिवशी उपाशी ठेवतात, कवळी काढतात, पोटॅशियम बघतात. आपल्याकडच्या दमट हवेत छाती घामेजलेली असते. आम्ही ती टॉवेलने कोरडी करूनच शॉकचे पॅड चिकटवतो. झोपेचं इंजेक्शन असतं, त्यामुळे घाबरू नका. नंतर श्वास, बीपी, रिदम (ठोक्यांची लय) सतत बघतो. बाबा जागे झाले की त्यांना दोन्ही हात उचलायला लावतील, नाव विचारतील. गुठळी मेंदूत गेली नाही ना, हे त्यावरून कळतं.