वाडीतली ती स्कूलबस घेण्याआधी

भाऊ, नागपूरजवळच्या वाडीत पाहिलेली ३२ सीटची स्कूलबस किलोमीटर कमी म्हणून कॅम्परसाठी (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) घ्यावी का, असं विचारलंत. मीटरवर जाऊ नका. स्कूलबस धावते कमी, पण गल्लोगल्ली थांबत चालते; क्लच आणि ब्रेक त्यातच झिजतात. सकाळी इंजिन थंड असताना चालू करून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

खरी तपासणी खालून. मॅट उचला, मागच्या चाकांवरचा पत्रा आणि दाराची पायरी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पावसाळ्यात पोरांच्या बुटांचं पाणी तिथंच मुरतं. वरून पिवळा रंग नवा कोरा आणि खाली पत्र्याचा पापड, असं सर्रास असतं. चेसिसच (गाडीचा खालचा सांगाडा) कुजली असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या.

टोकन देण्याआधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बसची कॅम्पर करायला आरटीओची मंजुरी लागते. खासगी कॅम्पर नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये (भाड्याने न चालणाऱ्या गाड्यांत) मोडते, म्हणजे नोंदणीचा प्रकारही बदलावा लागणार. गाडीचा नंबर नागपूरच्या एमएच ३१ (शहर), ४९ (पूर्व) की ४० (ग्रामीण) चा, ते बघून त्याच आरटीओत आधी विचारा. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर फिटनेस, टॅक्स आणि बँकेचा बोजाही तपासा.

आणि आत उभं राहून उंची नक्की मोजा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, छताला इन्सुलेशन लागणारच, आणि त्यात दोन-तीन इंच जातात.