आठवड्याला ११ तास घरकाम? हिशेबच चुकलाय

कृष्णाकाठ: काल इथं कुणी लिहिलं: '२०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात (दिवसाचे २४ तास कोण कशात घालवतं याची पाहणी) भारतीय पुरुष रोज ९७ मिनिटं घरकाम करतो. आठवड्याला ११ तास झाले, आपण अमेरिकेच्या पंक्तीत.' वाचून चीड आली. ती ९७ मिनिटं फक्त त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्या पुरुषांची, आणि असे पुरुष शंभरात २६. बाकीच्यांचं शून्य धरलं की उरतात २५ मिनिटं. आठवड्याला तीन तासही भरत नाहीत. बायकांचं तसंच करा: २९९ मिनिटं, शंभरात ८१ जणी, सरासरी २४३. आठवड्याला २८ तास! अमेरिकेची सरासरी शून्यवाल्यांना धरून काढतात. शिवाय तिथं घरटी एकच माणूस, १५ वर्षांवरचा. आपल्याकडं सहा वर्षांवरचं अख्खं घर. मग तुलना कसली करताय?

वाळवेकर: ते मीच लिहिलं होतं. हिशेब मान्य. पण पुरुष बसून खातो हा सूर मान्य नाही. मोटरीची थ्री-फेज वीज रात्रीची असली की उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी पाजायला, कोण जातं? सर्वेक्षणाची डायरी पहाटे ४ ते पुढच्या पहाटे ४. रात्री ११ला मोटर चालू, सकाळी ६ला बंद, म्हणजे एक पाळी दोन दिवसांत तुटली.

कृष्णाकाठ: तुटली, हरवली नाही. ४च्या आधीचं एका दिवसाच्या हिशेबात, नंतरचं पुढच्या. आणि ती रोजगारात जाते; तिथं पुरुषांची ४५९ मिनिटं वेगळी मोजलीत. घरकामात कशाला ओढता?

माणदेशी: दोघंही म्हशीला विसरलात. दूध डेअरीला घातलं तर तो रोजगार, घरी ठेवलं तर स्वतःच्या वापरासाठीचं उत्पादन. म्हणजे वैरण, शेण, धारा यातलं काहीच त्या २९९ मिनिटांत नाही. पाणी भरणं, सरपण आणणंही नाही. माण-जतकडं टँकरच्या रांगेत गेलेली वेळ घरकामाच्या आकड्यात शोधू नका, मिळणार नाही.

वाळवेकर: आणि डेअरीला किटली कोण नेतं? म्हैस एकट्या बाईचीच असल्यासारखं बोलू नका!

माणदेशी: किटली नेण्याची मिनिटं रोजगारात धरलीतच. परत येताना पारावर बसलात तर ते कामात धरू नका, एवढंच. उलट बाईचं काम गळतं. अर्ध्या तासाच्या रकान्यात जास्तीत जास्त तीन कामं लिहितात, तीही किमान १० मिनिटांची. दूध तापतंय तोवर पाच मिनिटं भांडी, चार मिनिटं केर, पोरीची वेणी, यातलं काय लिहिलं जाणार?

तासगावकर: वर्षभराची सरासरी काढली की द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचे आठवडेही पुसले जातात. डिपिंगला (घड औषधात बुडवायला) घरची माणसं बागेत राबतात आणि स्वयंपाक त्याच्या आधी उरकलेला असतो. हंगामाचा वेगळा तक्ता हवा. तुमच्या अमेरिकेचं नंतर बघू.

वाळवेकर: ठीक. ११ तासांचा आकडा काढतो, २०२४च्या सर्वेक्षणातले पुरुषांचे ८८ आणि बायकांचे २८९ मिनिटांचे आकडे टाकतो.

कृष्णाकाठ: तेही हात लावणाऱ्यांचेच आहेत. आधी टक्क्यांनी गुणा.

वाळवेकर: गुणतो. रात्रीच्या पाळीचं मात्र मागं घेत नाही.