मदत हवी आहे: एडीसीच्या पिनवर ४० किलोहर्ट्झचा सिग्नल बसतोय

मंडळी, बडोद्याहून लिहितोय. मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहत) एका ओळखीच्या वर्कशॉपसाठी बेअरिंगचा अल्ट्रासॉनिक आवाज टिपायचं छोटं यंत्र करतोय. प्रीअँपमधून (सेन्सरचा सिग्नल मोठा करणारं सर्किट) ० ते १० व्होल्ट येतात. २० के आणि १० के (किलोओहम) रेझिस्टरच्या डिव्हायडरने एक तृतीयांश करून ते एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या एडीसीला (व्होल्टेजचे आकडे करणारा भाग) दिलेत. पिनपासून ग्राउंडला ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर.

सध्या सेन्सरऐवजी जनरेटर लावलाय, ६ व्होल्ट पीक-टू-पीक साइन, ५ व्होल्टच्या ऑफसेटवर. १ किलोहर्ट्झला पिनवर बरोबर २ व्होल्ट. ४० ला १.६ सुद्धा भरत नाही. स्कोपचा प्रोब १०एक्सवरच आहे, म्हणजे त्याचा सर्किटवर फारसा भार नाही; १एक्सवर ठेवून दोन दिवस घालवायचा कार्यक्रम मागच्या वेळी उरकलाय.

हिशोब मांडला. दोन्ही रेझिस्टर पॅरलल ६.७ के, सोबत ४७० पिकोफॅरड, म्हणजे ५१ किलोहर्ट्झलाच ३ डीबी गेले (सिग्नल साधारण ७० टक्क्यांवर). म्हणून कपॅसिटर काढून टाकला. स्कोपवर सिग्नल मस्त उठला, पण रीडिंग नाचायला लागलं. एडीसी आळीपाळीने दोन चॅनेल वाचतो; आधीच्या चॅनेलवर एक पॉट (फिरवायचा रेझिस्टर) आहे, तो फिरवला की या चॅनेलचे आकडेही सरकतात! एडीसी क्लॉक १२ मेगाहर्ट्झ, सॅम्पलिंग (पिनवरचं व्होल्टेज टिपायचा वेळ) १.५ सायकल. कपॅसिटर ठेवला तर सिग्नल जातो, काढला तर हे. काय करू?

प्रतिसाद १:
पॉटनेच सांगितलंय की! चिपच्या पोटात ८ पिकोफॅरडचा सॅम्पलिंग कपॅसिटर आहे. तो आधीच्या चॅनेलचं व्होल्टेज घेऊन तुमच्याकडे येतो आणि ६.७ के मधून एवढ्या वेळात भरत नाही. डेटाशीटमधला तक्ता काढा: १४ मेगाहर्ट्झला १.५ सायकलसाठी सोर्स ०.४ के पर्यंतच, ७.५ ला ५.९, १३.५ ला ११.४. ४७० चा कपॅसिटर काढलेलाच राहू द्या, सॅम्पलिंग १३.५ सायकल करा. एक रूपांतर २६ सायकलचं, साधारण २.२ मायक्रोसेकंद. दोन चॅनेल धरूनही ४० किलोहर्ट्झला पुरून उरतं.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर, पण आता अँटी-एलियासिंगला (सॅम्पलिंगला न झेपणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सी आधीच गाळायला) काहीच उरलं नाही. पुढच्या बोर्डवर डिव्हायडरनंतर एमसीपी६०२२ या ऑपअँपचा बफर टाका (सिग्नल तोच ठेवून पुढच्या भागाला जोर देणारा टप्पा), मग फिल्टर हवा तसा लावता येईल. घरात पडलाय म्हणून एलएम३५८ हा जुना ऑपअँप लावू नका. त्याचा स्लू रेट (आउटपुट बदलायचा कमाल वेग) इथे काठावर येतो.

धागाकर्ता:
१३.५ केलं. पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, आकडे जागचे हलले नाहीत. एलएम३५८ खरंच हातात घेतला होता, परत डबीत टाकला.