मदत हवी आहे: चार्जशीटमध्ये नसलेलं फुटेज डिस्चार्जच्या (खटल्याआधीच आरोपमुक्तीच्या) वेळी चालतं का?

नेरूळच्या सोसायटीतल्या पार्किंगच्या मारामारीवरून भावावर न्याय संहितेचं कलम 118(1) (धोकादायक हत्याराने दुखापत) लागलंय. जामीन झालाय. केस बेलापूर कोर्टात आहे, चार्जशीटची प्रत नुकतीच मिळाली. म्हणजे डिस्चार्ज अर्जाला 60 दिवसांची मुदत. त्या वेळी तो खाली नव्हताच, लिफ्टच्या सीसीटीव्हीत स्पष्ट दिसतं. फुटेज तपास अधिकाऱ्यांना साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63च्या (इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या) प्रमाणपत्रासकट लेखी दिलं, पोचही आहे, पण चार्जशीटमध्ये त्याचा उल्लेखच नाही! आमचे वकील म्हणतात, डिस्चार्जला कोर्ट फक्त पोलिसांचे कागद बघतं, खटला चालू दे. तो किती वर्षं चालेल देव जाणे. तडजोड सुचवू नका, समोरचे तयार नाहीत. अशा वेळी कोणी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528खाली केस रद्द करायला थेट हायकोर्टात गेलंय का, की आधी डिस्चार्जचा अर्ज टाकणंच बरं?