मदत हवी आहे: आईच्या लघवीच्या कल्चरमध्ये ईएसबीएल ई. कोलाय

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, मधुमेही, आम्ही साताऱ्याला असतो. वर्षभरात तिसऱ्यांदा लघवीचा जंतुसंसर्ग झालाय. आधीच्या दोन्ही वेळा मेडिकलमधून सेफिक्झिम हे अँटिबायोटिक आणून दिलं, जळजळ थांबली की गोळ्या बंद. ही चूक आमचीच. पाकिटावर उभी लाल रेघ होती, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, तरी चिठ्ठी कुणी मागितली नाही.

यावेळी कल्चर केलं, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून कुठलं औषध चालतं ते तपासलं. त्यात ईएसबीएल प्रकारचा ई. कोलाय हा जंतू निघाला. रिपोर्टमध्ये वरपासून खाली नुसता 'आर' (औषध लागू पडत नाही): सेफिक्झिम, सेफ्ट्रिआक्झोन, सिप्रोफ्लॉक्सासिन. 'एस' (लागू पडतं) फक्त नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, अमिकासिन आणि मेरोपेनेमपुढे. आई कधीच दवाखान्यात ॲडमिट नव्हती, तरी असा जंतू घरात कसा आला, हेच मनाला लागून राहिलंय. डॉक्टर म्हणाले, हे जंतू सेफिक्झिमसारखी औषधं फोडणारं एन्झाइम (ईएसबीएल) तयार करतात आणि हल्ली घरच्या पेशंटमध्येही सर्रास सापडतात.

ताप नाही, पण क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.८ म्हणजे वाढलेलं आहे, म्हणून नायट्रोफ्युरँटॉइन नको म्हणतात. फॉस्फोमायसिनची पुडी कुणाच्या घरी दिली होती का? पुन्हा त्रास झाला का? पुण्यात संसर्गजन्य आजारांचे चांगले तज्ज्ञ माहीत असतील तर कृपया सांगा. औषध डॉक्टरांना विचारूनच देणार. आई रात्री पाच-सहा वेळा उठते, बघवत नाही.